येळवसपर्यंत गोल्फ

माझ्या पिशवीचं तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, की ही पिशवी बाई असती तर अर्ध्यात भागलं असतं.

हजार लिटरची टाकी. दक्षिणेकडची बाजू, तळापासून अर्धा फूट.

माझं आणि महादेवीचं लग्न दोनदा झालं. दुसऱ्या वेळी आम्हा दोघांनाही कळवण्यात आलं नव्हतं.

प्रश्न: एक वस्तू जमिनीशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून मारली. ती शेजारच्या गच्चीवर पडली. शेजाऱ्याचा वेग काढा.

धर्मराज एका बाजूने जरासा खरवडलेला होता.

सतरा पालकांनी फोन करून मला "बरं केलं सर" असं सांगितलं.

हे सगळं एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच दिवाळी ते येळवस या काळात घडलं. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्या लातूरला कुलूप लागतं आणि सगळं शहर शेतात जेवायला जातं. माणूस म्हणजे मी. अमरनाथ, वय त्रेपन्न, बावीस वर्षं लातुरात बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. प्रोजेक्टाईल हा माझा खास धडा. हवेत फेकलेली वस्तू कुठे पडेल ते मी कागद-पेन न घेता सांगू शकतो. निदान दिवाळीपर्यंत सांगू शकत होतो.

गृहीत धरा की हवेचा विरोध नाही

विरोध घरातूनच आला. पाडव्याच्या दिवशी माझी मुलगी शिवकन्या, बारावीतली, चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत म्हणाली, "बाबा, सुट्टीनंतर मी क्लासला येणार नाही. घरीच व्हिडिओ लावून करते."

"कोणाचे व्हिडिओ?"

"फिजिक्सला दिल्लीचे एक सर आहेत."

चकली माझ्या हातात होती, ती तिथेच राहिली. "माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात?"

"तुमच्यासारखंच शिकवतात. पण त्यांना मधेच थांबवता येतं."

स्वयंपाकघरातून महादेवी म्हणाली, "हे मात्र खरं हाय." महादेवी माझी बायको. ती सहसा वादात पडत नाही, वाद संपत आला की त्यावर शिक्का मारते.

इथे बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. लातुरात क्लासवाल्याची खरी जाहिरात फ्लेक्सवर नसते. पालक प्रवेशाला येतात, पंखा पाहतात, फळा पाहतात, संडास पाहतात आणि शेवटी विचारतात, "सर, तुमची सोताची लेकरं कुठं हायेत?" तेव्हा मी बोट करतो. दुसऱ्या बेंचवर, खिडकीकडून तिसरी. पालक तिच्याकडे पाहतात, मान हलवतात आणि फॉर्म भरतात. ते बोट हीच माझी जाहिरात. जानेवारीत उजळणीच्या बॅचचे प्रवेश सुरू होणार होते आणि मला रिकाम्या बेंचकडे बोट करावं लागणार होतं.

म्हणून मी जे बोलू नये ते बोललो. "व्हिडिओ पाहून जगात काहीही शिकता येत नाही."

"काहीही?"

"काहीही. समोर माणूस लागतो."

"मग एक काहीतरी शिकून दाखवा. व्हिडिओवरून. नाही आलं तर मी येते क्लासला." तिने शेंगदाणे खाल्ले. "पण असं पाहिजे, की ज्याचा लातुरात क्लासच नाही. नाहीतर तुम्ही गुपचूप लावाल."

ही अट ऐकून मला राग आला. पुढे जे झालं ते पाहता तो राग उसना होता, पण तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं.

ज्याचा लातुरात क्लास नाही अशी गोष्ट शोधायला आम्हाला पूर्ण दुपार लागली. बासरी? आहे. जर्मन? दोन आहेत, एकमेकांसमोर. तलवारबाजी? सकाळची बॅच आहे. हस्ताक्षर सुधारणे, घोड्यावर बसणे, लोकांसमोर न घाबरता बोलणे, सगळ्याचे क्लास निघाले, आणि लोकांसमोर बोलण्याचा तर माझ्याच क्लासच्या वरच्या मजल्यावर निघाला. शेवटी गोल्फ राहिला.

शिवकन्येने माझ्याच चाचणीच्या पेपरमागे अटी लिहिल्या. येळवसपर्यंत फक्त व्हिडिओ. येळवसला आपल्या शेतात शंभर पावलांवर ताडपत्री अंथरायची. सहा चेंडू. त्यातले दोन जरी ताडपत्रीवर पडले तर व्हिडिओवरून शिकता येतं असं सिद्ध, मग ती घरी अभ्यास करणार. नाही पडले तर दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या बेंचवर.

हुशार वाचकाच्या लक्षात आलंच असेल, की मला काहीच करायचं नव्हतं. हरलो की मी जिंकत होतो. पलंगावर पडून राहायचं, येळवसला सहा चेंडू सहा दिशांना घालवायचे आणि मुलीला परत आणायचं. इतकं सोपं गणित मी आयुष्यात कुणाला घातलं नसेल.

मला ते सोडवता आलं नाही.

सामग्री

तीन काठ्या आणि सहा चेंडू ऑनलाइन मागवले. पार्सल क्लासच्या पत्त्यावर, मधल्या सुट्टीत आलं. लांब खोकं होतं, एका कोपऱ्यातून फाटलं होतं, त्यातून लोखंडी टोक बाहेर आलं होतं. चाळीस मुलांनी ते पाहिलं. कुरियरवाल्याने विचारलं, "सर, काट्या मागवल्या का?" आणि मी खऱ्याला जागून हो म्हणालो.

संध्याकाळपर्यंत सतरा पालकांचे फोन. सगळ्यांचा सूर एक. "बरं केलं सर. आमच्यापासनंच सुरू करा. आमचं येडं लईच मोबाईलात ऱ्हायलंय." एका आईने तर मुलाची कोणती बाजू सोसणारी आहे तेही सांगितलं. मी बावीस वर्षांत एकाही मुलाला बोट लावलेलं नाही. ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. त्या आठवड्यात वर्गात इतकी शांतता होती, की घटक पाच दिवस आधी संपला.

अभ्यास मी आमच्या पद्धतीने केला. लातूरची पद्धत म्हणजे आधी सगळं लिहून काढायचं. तीन आठवड्यांत दोनशे अकरा व्हिडिओ, दीडशे पानी वही, अकरा प्रकरणं, प्रत्येक प्रकरणामागे वीस बहुपर्यायी प्रश्न. पकड, उभं राहणं, खांदा, कंबर, श्वास. एक गोरे गृहस्थ सांगत, डावं कोपर अजिबात वाकवू नका. दुसरे गोरे गृहस्थ सांगत, डावं कोपर ताठ ठेवल्याने माणसाचं आयुष्य वाया जातं. मी दोघांचंही उतरवून घेतलं आणि समासात लिहिलं: परीक्षेत दोन्ही येऊ शकतं.

स्वतःची चाचणी घेतली. एकशे ऐंशी गुणांपैकी एकशे एकाहत्तर. तोवर चेंडूला मी एकदाही मारलेलं नव्हतं.

कच्चं काम

पहिला फटका गच्चीवर मारला. शेजारी संगप्पा, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, आपल्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. सल्ला हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग आहे.

"काय करायलाव सर?"

"गोल्फ."

"ही तर विटीदांडूच की वो. विटी गोल केली, झालं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मनगट सैल सोडा. आन् मारताना खाली बगू नका, जिकडं घालवायचंय तिकडं बगा."

व्हिडिओत सगळे खाली बघा म्हणत होते. पण व्हिडिओत संगप्पा समोर बसलेले नव्हते. मी जिकडे घालवायचं होतं तिकडे, म्हणजे आकाशाकडे पाहिलं, पंचेचाळीस अंश मनात धरले आणि मारलं.

चेंडू वर गेलाच नाही. सरळ, छातीच्या उंचीने, संगप्पांच्या चौथऱ्यावरच्या टाकीत गेला. टाकीतून आधी एक हळू आवाज आला आणि मग पाण्याची धार.

लातूरच्या माणसाला या धारेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्या गावाला एके काळी रेल्वेने पाणी आलं, ज्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तिथे चेंडू शेजाऱ्याच्या कपाळाला लागला तर हळद लावून मिटतं. टाकीचं तसं नसतं. संगप्पांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी धारेखाली हात धरला आणि हाताकडे पाहत बसले. मग म्हणाले, "नळ परवा येऊन गेला."

आम्ही दोन्ही घरांची भांडी भरली, पिंप भरली, महादेवीने पुरणाचं पातेलंसुद्धा भरलं. नवी टाकी मी बसवून दिली. संगप्पांनी बोलणं सोडलं नाही, हे मात्र फार वाईट झालं. ते भेटेल त्याला सांगू लागले, "सर गोल्फ शिकायलेत. मी सांगितलं होतं मनगट सैल सोडा म्हणून."

मग मी हिरवळ शोधू लागलो. लातुरात हिरवळ एकाच जातीच्या ठिकाणी सापडते, लग्नाच्या लॉनवर. नावंच तशी असतात, अमुक लॉन्स, तमुक लॉन्स. रिंगरोडच्या पलीकडे एका लॉनचा मॅनेजर दुपारी दोन तास जागा द्यायला तयार झाला. फक्त बुकिंग संगणकात टाकावं लागेल, नाहीतर मालक विचारतील.

"वराचं नाव?" त्याने विचारलं.

"वर नाही. मला सराव करायचाय."

"सर, वराचं नाव टाकल्याबिगर पुढचं पान उघडत न्हाई."

मी माझं सांगितलं.

"वधू?"

"अहो, वधू कुठून आणू?"

"रिकामी चालत न्हाई. लाल होतंय ते." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. खरंच लाल झालं होतं. मागे खऱ्या लग्नाचे दोन बाप उभे होते, घाईत. मी नाइलाजाने बायकोचं नाव सांगितलं. जन्मतारीख, गोत्र, जेवण किती माणसांचं, या रकान्यांत काय भरलं ते सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॉनवर मन लावून गवत उपटत होतो, म्हणजे फटके मारत होतो, आणि बाहेर रस्त्यावर, दारावरच्या दिव्यांच्या पाटीवरून लाल अक्षरं सरकत होती: चि. अमरनाथ आणि चि. सौ. कां. महादेवी यांच्या शुभविवाहानिमित्त आपले सहर्ष स्वागत. संगणकातलं बुकिंग थेट पाटीला जोडलेलं होतं. माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी फोटो काढला. एकाने फोटोखाली लिहिलं, सर, कळवलंही नाही.

घरी गेलो तर महादेवी दारात उभी होती. तिच्या हातात फोन होता. तिची धाकटी बहीण उदगीरहून विचारत होती, पहिल्या लग्नात काही राहून गेलं होतं का.

"अहो," महादेवी म्हणाली, "पंचवीस वर्षांत कधी फिरायला चला म्हणाला न्हाईत. आन् परस्पर लग्न लावून मोकळे झालात."

"पाटी आपोआप लागली."

"जेवण किती माणसांचं सांगितलंत?"

"शून्य."

"हां," ती म्हणाली. "तुमचंच हाय मग."

शिवकन्या आतून सगळं ऐकत होती. ती हसली नाही. हे मला जास्त लागलं. हसली असती तर मी तिच्याशी भांडलो असतो. ती फक्त म्हणाली, "बाबा, सोडून द्या. तुमचं म्हणणं खरं धरते. नाही येत व्हिडिओवरून."

म्हणजे मी जिंकलो होतो. येळवसला अजून महिना होता आणि बेंच भरला होता. तिथे उठून "बरं" एवढंच म्हणायचं होतं.

पण गल्लीत संगप्पा होते, वर्गात तो फोटो होता, भाजीवाली मेथी देताना "सर, गोल्फ कुठवर आलं" विचारत होती. आणि मुलगी माझं म्हणणं खरं धरत होती ते पटलं म्हणून नाही, माझी कीव येऊन. बावीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की उत्तर बरोबर असून उपयोग नाही, रीत दाखवा.

"येळवसपर्यंत ठरलंय," मी म्हणालो. "येळवसला बघू."

नांदेड

रविवारी मी नांदेडला एका ओळखीच्या क्लासमध्ये पाहुणा म्हणून शिकवायला जातो. त्या रविवारी परतीची बस उशिरा होती. स्टँडवर उभा होतो, हातात गुंडाळलेला प्रोजेक्टाईलचा तक्ता होता, आणि आसपास कोणी ओळखीचं नाही असं पाहून मी तो तक्ता दोन्ही हातांनी धरून हळूच फिरवला. प्रकरण चौथे, खांदा.

मागून आवाज आला. "साब, तुमचा उजवा पाय पळून जायलाय."

बाकावर एक म्हातारा बसला होता. धोतर, वर खाकी स्वेटर, गळ्यात लिंग, मांडीवर जेवणाचा डबा. मी विचारलं, तुम्हाला यातलं काय कळतं. तो म्हणाला, "हौ, थोडं."

हे शरणप्पा. मूळचे देगलूरकडचे. तरुणपणी सिकंदराबादला गेले, तिथल्या एका गोल्फच्या मैदानावर एकतीस वर्षं साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलल्या. आता नांदेडला लेकीकडे राहतात आणि कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगची राखण करतात. जिनिंगला मागे मोठं मोकळं मैदान आहे.

मी त्या बसमध्ये बसलो नाही, पुढच्या बसने गेलो.

त्यानंतर दर रविवारी मी तीन काठ्यांची पिशवी घेऊन नांदेडला जात होतो. घरी सांगत होतो, शिकवून झाल्यावर पेपर तपासायचे आहेत. काठ्या कशाला, असं महादेवीने विचारलं तेव्हा मी म्हणालो, मधल्या वेळेत सराव. बसमध्ये कंडक्टरने पिशवी चाचपून पाहिली.

"फवाऱ्याच्या नळ्या?"

"खेळाचं सामान आहे."

"एवढं लांब? ह्याला फुल्ल तिकीट बसतंय." मी वाद घातला. तो म्हणाला, "बाई असती तर अर्धं लावलं असतं. ज्येष्ठ नागरिक असती तर कार्ड बगितलं असतं. पिशवीला सवलत न्हाई, सर." मग त्याने तिला खिडकीजवळची जागा दिली आणि मला तिच्या बाजूला बसवलं.

मला माहीत होतं मी काय करतोय ते. अट मोडत होतो. क्लास लावला होता. आणि जी बाजू जिंकली तर माझं नुकसान होतं, त्याच बाजूसाठी मी फसवणूक करत होतो. अशी फसवणूक कायद्याच्या कुठल्या कलमात बसते ते मला कोणी सांगावं.

शरणप्पांची शिकवण्याची रीत अशी होती. ते एका उलट्या डब्यावर बसत. मी वही उघडली की म्हणत, "ती ठिवा साब. चेंडूला वाचता येत न्हाई." मी मारत असे. ते पाहत. दहा-बारा फटक्यांनंतर एखादं वाक्य. "हल्लू." किंवा, "घाई कुठली? चेंडू कुठं जात न्हाई, तिथंच हाय." एकदा मी सलग चाळीस फटके जमिनीत मारले, तेव्हा ते उठून जवळ आले, माझ्या हातातली काठी थोडी सैल केली, आणि म्हणाले, "साब, तुम्ही चेंडूला शिकवायलाव. त्याला येतंय."

त्यानंतरचा चेंडू हवेत गेला. जिनिंगच्या भिंतीवरून नव्हे, भिंतीपर्यंतच. पण हवेतून गेला. माझ्या दोनशे अकरा व्हिडिओंत कोणी मला माझा पाय पळतोय असं सांगितलं नव्हतं. कसं सांगणार, त्यांना माझा पाय दिसत नव्हता. हे वाक्य मी शिवकन्येला म्हणून दाखवायला किती उतावीळ झालो होतो. आणि म्हणता येत नव्हतं.

परतीला मी अहमदपूरला उतरत असे. फाट्यापासून आमचं शेत जवळ. सोयाबीन निघालं होतं, हरभरा हातभर आला होता, विहिरीजवळ एक तुकडा पडीक होता. तिथे अर्धा तास मारायचं आणि मग लातूरची बस. काळी जमीन भेगाळलेली. तीन रविवारांत चार चेंडू भेगांत आणि हरभऱ्यात गेले. पाचवा, नांदेडला भिंतीवर घासून एका बाजूने खरवडलेला, तोही गेला. मी फारसा शोध घेतला नाही. येळवसला आधी जाऊन हुडकू, असं ठरवलं, आणि येळवसआधीच्या रविवारी नांदेडला गेलोच नाही.

शेतावर माझी आत्या, नीलाबाई, राहते. वय चौऱ्याऐंशी. रोज सकाळी ती सगळं रान हिंडून येते.

येळवस

लातूर सकाळी आठलाच रिकामं झालं. आम्ही शेतात पोचलो तेव्हा कडब्याची कोप, म्हणजे पूजेची झोपडी, उभी होती, आंबिलीचं मडकं गार झालं होतं, सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी रटरटत होती. संगप्पाही सहकुटुंब आले होते, कारण येळवसला शेत नसलेल्या शेजाऱ्याला बोलावतातच, आणि टाकीनंतर तर मला बोलावणं भागच होतं. शिवकन्येने शंभर पावलं मोजून ताडपत्री अंथरली आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले.

मी हरभऱ्यात वाकून चेंडू शोधू लागलो. एकही नाही.

तेवढ्यात आत्याने पूजेला हाक मारली. कोपीत वाकून शिरलो आणि वाकलेलाच राहिलो.

दरवर्षी आम्ही बांधावरचे पाच दगड घेतो, चुना लावतो, पांडव म्हणून मांडतो, पुजतो. या वर्षी दगड नव्हते. पाच गोल, एकसारखे, पांढरे. हळद लागली होती, कुंकू लागलं होतं, वर शेवंतीच्या पाकळ्या. पहिला एका बाजूने खरवडलेला.

"आत्या, हे कुठून आणले?"

"जिमिनीनं दिले," आत्या म्हणाली. "एक एक करून वर आले. चुना लावायचंबी काम न्हाई. आन् अंगावर बग, देवी येऊन गेल्यावानी बारीक खड्डे हायेत सगळ्यांच्या. साधं न्हाई ते." तिने खरवडलेल्यावर बोट ठेवलं. "ह्यो धर्मराज. यानं लई सोसलंय."

"आत्या, ते माझे गोल्फचे—"

"हात लावायचा न्हाई," आत्या म्हणाली. "रातीपस्तोर तर न्हाईच. नंतरचं मी बगते."

शिवकन्या माझ्या खांद्यावरून पाहत होती. "बाबा, किती उरले?"

पिशवीत एक होता.

आम्ही बाहेर आलो. "ओलगे ओलगे" म्हणत आंबील शिंपडून झाली, पंगत बसली, बाजरीचे उंडे आणि भज्जी वाढली, आणि जेवताना शिवकन्येने ठरवलं, की सहाचा एक झाला तर दोनाचा एकतृतीयांश होतो, म्हणून चेंडूचा एकतृतीयांश जरी ताडपत्रीवर पडला तरी चालेल. गणित माझ्यावर गेलंय तिचं.

मी हात धुतले, पडीक तुकड्यात उभा राहिलो, काठी घेतली. सगळे रांगेने बसले. संगप्पा म्हणाले, "मनगट." मला त्या क्षणी माहीत नव्हतं, मला हा चेंडू ताडपत्रीवर पडायला हवाय की नको. काठी अर्ध्यावर गेली असेल, तेवढ्यात बांधावरून कोणीतरी येताना दिसलं. धोतर, खाकी स्वेटर, हातात डबा.

"आले का," महादेवी उठत म्हणाली. "अहो, हे तुमचे नांदेडचे. गेल्या रविवारी तुम्ही गेला न्हाईत, म्हणून यांचा फोन आला होता घरी, साब बरे हायेत का म्हणून. म्हटलं येळवसला शेतावरच या. पेपर तपासायला सोबत असतेत ना हे?"

येळवसला कोणालाही बोलावता येतं. या चालीत काय धोका आहे ते मला तोवर कळलं नव्हतं.

शरणप्पांनी हात जोडले. मग माझ्याकडे, काठीकडे, माझ्या पायांकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "साब, पाय."

शिवकन्येने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही क्लास लावला."

"हो."

"लातुरात नाही म्हणून नांदेडला लावला."

"हो."

महादेवी म्हणाली, "आन् मी तीन रविवार डबा दिला पेपरासाठी." एवढंच. पण डबा देतानाचा आणि हा, दोन्ही आवाज वेगळे होते.

मी काठी खाली ठेवली. संगप्पा कुणालाही सल्ला देत नव्हते, हे त्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, शिवकन्या आता उठून कोपीत जाईल. पण ती शरणप्पांकडे वळली.

"आजोबा, गोल्फमध्ये किती वर्षं घालवलीत तुम्ही?"

"एकतीस, बाई."

"मग बाबांची परीक्षा रद्द," ती म्हणाली. "ते दोन्हीकडून शिकलेत, त्यांचं काही सिद्ध होत नाही. तुम्ही मारा. एकच चेंडू आहे. ताडपत्रीवर पडला, तर समोर राहून शिकलेल्या माणसाचं खरं. मी उद्यापासून क्लासला. नाही पडला, तर मी घरी, आणि बाबा त्याबद्दल पुन्हा बोलणार नाहीत."

"मी?" शरणप्पा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आत्या कोपीच्या दारातून पाहत होती. शेजारच्या बांधावर देवणी जातीचा बैल रवंथ करायचा थांबला होता.

"मारा, शरणप्पा," मी म्हणालो.

त्यांनी डबा महादेवीकडे दिला. स्वेटर काढून नीट घडी घालून बांधावर ठेवला. चपला काढल्या. तिन्ही काठ्या पाहिल्या, मी खाली ठेवलेली नाकारली, मधली घेतली. दोन्ही हात धोतराला पुसले, मग परत पुसले. चेंडूसमोर उभे राहिले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, एखाद्याचं नाव घेतल्यासारखे, किंवा बरीच नावं.

काठी वर गेली ते कोणाला दिसलं नाही. आवाज मात्र सगळ्यांना आला, सुपारी फुटल्यासारखा. चेंडू हरभऱ्यावरून, विहिरीच्या कठड्यावरून, सावकाश, जराही घाई न करता गेला, आणि ताडपत्रीच्या मधोमध पडला, एकदा उडाला, आणि तिथेच थांबला. पंचेचाळीस अंश नव्हते. मी पाहिलं. तीसच्या आसपास असतील.

मग संगप्पा म्हणाले, "मनगट बगितलंत का?"

शरणप्पा काठी हातात धरून तसेच उभे होते. ती परत द्यायची असते हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

शिवकन्या ताडपत्रीपर्यंत चालत गेली, चेंडू उचलून आणला आणि माझ्या हातात ठेवला. "ठीक आहे, बाबा. समोरच शिकावं लागतं. उद्या किती वाजता?"

"साडेसहा," मी म्हणालो.

"तुम्ही काहीच बोलत नाही. जिंकलात ना?"

"जिंकलो," मी म्हणालो.

आत्याने तो सहावा चेंडूही मागून घेतला, द्रौपदीसाठी. महादेवीने शरणप्पांना बसवून दोनदा खीर वाढली. मला एकदाच. जानेवारीत उजळणीच्या बॅचला पालक आले, त्यांनी पंखा पाहिला, फळा पाहिला, संडास पाहिला, आणि मी दुसऱ्या बेंचकडे बोट केलं.

पहिल्याच रविवारी, जिनिंगच्या मैदानात, मी शरणप्पांना एकदा मारून दाखवा म्हणालो होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की पिशवी उचलणाऱ्याला चेंडू मारायची परवानगी नव्हती, एकतीस वर्षं त्यांनी फक्त पाहिलं, आणि काठी अजून एकदाही फिरवलेली नाही.